फ्रीजच्या बर्फाचा फेस

दाढीच्या साबणाची वडी संपली असं आपल्याला वाटतं, आणि मग वाडगा धुवायला घेतला की तळाशी एक पापुद्रा चिकटलेला निघतोच. आमच्या वृद्धाश्रमातल्या गोष्टींचं तसंच आहे. संपल्या म्हणते, तर आणखी एक निघते. शुक्रवारी रात्री शब्बाथच्या जेवणाला चार माणसं जमली की कुणीतरी म्हणतंच, फ्लोरा, ती बर्फाची सांग. मी सांगते, सगळे हसतात, मीही हसते. खरं तर या सगळ्यांत हसण्यासारखी असते ती मीच, आणि लाज वाटावी अशीही मीच. शेवटची एक गोष्ट मी नेहमी गाळते. आज ती गाळणार नाही.

*

आम्ही ठाण्याहून इस्राएलात, बेरशेव्याला येऊन दोन वर्षं झाली होती. आमचे हे कापडाच्या फॅक्टरीत लागले होते आणि मी लोकांचे जिने धूत होते. वृद्धाश्रमात बाई हवी असं कळलं म्हणून गेले. तिथल्या क्लार्कने फॉर्म पुढ्यात ओढला आणि विचारलं, "बाँबेत हॉस्पिटलमध्ये होतीस?"

मी म्हटलं, हो.

होतेच की! आईच्या ऑपरेशनच्या वेळी वीस दिवस तिच्या खाटेखाली चटई टाकून झोपत होते.

त्याला काय विचारायचं होतं ते मला चांगलं कळलं होतं. हिब्रू नीट कळलं नाही, असं मी पुढे बरीच वर्षं सांगत आले. फॉर्मवर त्याने 'अनुभवी' लिहिलं. सहा महिने ट्रायल, काम पसंत पडलं तर कायम. नाही पडलं तर पुन्हा बादली आणि जिने.

*

पहिल्याच शुक्रवारी हेड सिस्टर रिव्काने माझ्या हातात ट्रे दिला. संध्याकाळी शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विश्रांतीचा दिवस, लागायच्या आधी बारा म्हाताऱ्यांच्या दाढ्या करायच्या होत्या. साबण सगळ्यांत स्वस्तातला, पांढरी गोल वडी, लाकडासारखी कडक. मी जन्मात कुणाची दाढी केलेली नव्हती. पण अनुभवी ना मी! ब्रश पाण्यात बुचकळला आणि कपडे घासतात तसा वडीवर घासला.

फेस कसला, पातळ ताक झालं ते. गालावरून निघालं आणि कॉलरीत उतरलं. पहिल्या खुर्चीत मोरित्झ होता, रुमानियाचा म्हातारा शिंपी. मी त्याला तीन ठिकाणी कापलं. त्याने आरसा मागून घेतला, मान इकडून तिकडून फिरवून पाहिली आणि म्हणाला, "बाई, कापायला तुला येतं. आता शिवायला कोणाला बोलावू?"

*

त्याच वॉर्डात, खिडकीजवळच्या खाटेवर शिमशोनकाका होते. मूळचे अलिबागकडचे, आमच्याच बेने इस्राएलांतले, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यूंतले. बायको गेलेली, मुलगा हैफ्याला. साऱ्या वॉर्डात स्वतःची दाढी स्वतः करणारे ते एकटेच. त्यांचा ब्रश मुंबईहून आणलेला होता, मूठ पिवळी पडलेली. दुसऱ्याचा हात चेहऱ्याला लावून घ्यायचे नाहीत.

दुसऱ्या शुक्रवारी माझी ताकाची धार चालली होती ती ते बघत होते. मग कोकणी हेलात, हळूच म्हणाले, "बाय, ब्रश पिळ आधी. पाणी फार झालंय."

इथे आल्यापासून घराबाहेर मला 'बाय' कुणी म्हटलं नव्हतं. मी वळले, तर ते माझ्याकडे निरखून बघत होते. "ठाण्याला शाळेसमोर राहायची ती लियाबाईची फ्लोरा ना गो तू? मॅट्रिक झालीस नि लगेच लग्न लावलंन तुझ्या बापाने."

दारात रिव्का उभी होती. तिला मराठीचा शब्द कळत नव्हता, हे मला ठाऊक होतं. पण हा माणूस मला मॅट्रिकपासून ओळखतो. आज मराठीत बोलला, उद्या हिब्रूत बोलेल. मी मोठ्याने, रिव्काला ऐकू जाईल असं हिब्रूत म्हटलं, "साबा, मी तुम्हाला ओळखत नाही. इथे हिब्रूत बोला."

साबा म्हणजे आजोबा. सगळ्याच म्हाताऱ्यांना आम्ही साबा म्हणायचो.

काकांनी मान डोलावली. पुढे कित्येक महिने ते माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत, मराठीत नाही की हिब्रूत नाही. मी मनाची समजूत घातली, त्यांना हिब्रू येतच नसणार.

*

तरी शिकले ती त्यांच्याकडूनच. शिकले कसली, चोरलं.

दर शुक्रवारी सकाळी ते खाटेवर बसून दाढी करायचे आणि मी शेजारची चादर बदलत राहायचे. एकच चादर, तीन तीनदा! आधी वडीवर चार थेंब पाणी टाकून ती तशीच ठेवायची. तोवर ब्रश पाण्यात भिजू द्यायचा. मग तो पिळून, झटकून, जवळजवळ कोरडा करायचा. वडीवर हलक्या हाताने गोल गोल फिरवायचा, दाबायचा नाही. आधी नुसता चिकट लेप येतो. तिथे घाई केली की संपलं. तो लेप गालावर लावायचा, ब्रशचं नुसतं टोक पाण्यात बुडवायचं, फिरवायचं, पुन्हा टोक बुडवायचं. बघता बघता नारळाच्या पहिल्या दुधासारखा दाट फेस चढायचा.

एका शुक्रवारी माझ्या लक्षात आलं, काकांनी आरसा जरा तिरपा ठेवलाय. त्यात त्यांना स्वतःचा चेहरा अर्धाच दिसत असेल. मला मात्र चादर घालता घालता त्यांचे हात पूर्ण दिसत होते. आणि दाढीही ते फार सावकाश करायला लागले होते.

मी आभार मानले नाहीत. आभार मानायचे तर ओळखते म्हणावं लागलं असतं.

*

घरी मी आमच्या ह्यांच्या गुडघ्यावर सराव करायचे. चेहरा द्यायला ते तयार नव्हते. एकदा शेजारीण साखर मागायला आली, तर हे खुर्चीत पँट गुंडाळून बसलेले, दोन्ही गुडघे पांढरेशुभ्र! ती साखर न घेताच गेली. आमचा मुलगा हिब्रूत म्हणाला, "आता पूर्ण इमारत बघायला येईल, आई. साखर लपव."

*

सगळं जमलं तरी वॉर्डात फेस बसायचाच. बेरशेव्याचं पाणी जड, किटलीत पांढरं कवच धरणारं. काकांचा फेस मात्र कधी बसत नव्हता. मग कळलं. मसूदा म्हणून मोरोक्कोची एक बाई आमच्याबरोबर कामाला होती. ती गुरुवारी त्यांच्यासाठी किचनच्या फ्रीजमधला, वरच्या कप्प्यात जमणारा भुसभुशीत बर्फ चमच्याने खरवडून पेल्यात न्यायची. तो वितळला की पावसाच्या पाण्यासारखं हलकं पाणी व्हायचं. मसूदाला वाटायचं, म्हातारा ते पितो.

मी मोठं पातेलं घेऊन सगळाच बर्फ खरवडायला लागले. एकदा डोकं फ्रीजमध्ये आणि मागे रिव्का! काय चाललंय, तिने विचारलं.

"बाँबेच्या हॉस्पिटलात असंच करतात," मी म्हटलं.

कुठल्या हॉस्पिटलात? आईच्या वॉर्डात मी फ्रीज पाहिलासुद्धा नव्हता. पण त्या शुक्रवारी बारा चेहऱ्यांवर असा फेस उभा राहिला की रिव्काने फ्रीजवर चिठ्ठीच लावली: बर्फ टाकू नये, फ्लोरासाठी आहे.

मसूदाने चिठ्ठी वाचली. "पंधरा वर्षं झाली मला इथे. एका चमच्यावर माझं नाव नाही. तू आलीस आणि थंडीसुद्धा तुझी झाली." मग म्हणाली, "साबा शिमशोनने काय करायचं?"

तेव्हापासून पहिला पेला मी त्यांच्या उशाशी ठेवायला लागले. ठेवायचे आणि त्यांनी वर बघायच्या आत निघून जायचे.

*

पेसाहच्या सणानंतर ओमेरचे, सुतकासारखे पाळायचे दिवस लागतात. मन लावून पाळणारी माणसं त्या दिवसांत दाढी करत नाहीत. माझे वडील मुंबईला रोज ऑफिसला जायचे आणि रोज दाढी करायचे, त्यामुळे माझ्या हे ध्यानातच आलं नाही. सालेह म्हणून बगदादचे आजोबा होते, त्यांना डुलकी लागली होती. मी त्यांचा चेहरा कानापर्यंत फेसाने भरला. ते जागे झाले आणि किंचाळले.

वस्तरा अजून लागला नव्हता. पण नुसता फेस लावला तर दाढीला सुरुवात झाली की नाही? धर्मगुरूंना, रब्बींना, विचारल्याशिवाय ते फेस पुसूही देईनात. रिव्का फोन करत बसली. अर्ध्या तासाने रब्बी सापडले. म्हणाले, फेस म्हणजे दाढी नव्हे, धुऊन टाका.

अर्धा तास! आणि फेस जसाच्या तसा उभा होता. मोरित्झ खुर्ची ओढत जवळ आला आणि त्याने गाल पुढे केला. "माझा कशावरच विश्वास नाही. तो इकडे द्या, असला माल वाया जायला नको."

सगळा वॉर्ड हसला. काकाही हसत होते. माझी नजर गेली तशी त्यांनी आपली खिडकीबाहेर वळवली.

*

सहा महिने भरत आले तशी वरच्या ऑफिसातून मॅनेजरबाई आल्या, कोणाला कायम करायचं ते बघायला. शुक्रवारचाच दिवस होता. रिव्काने मोठ्या कौतुकाने मला पुढे केलं. फ्लोरा बाँबेच्या हॉस्पिटलात शिकलेली आहे, फेस कसा काढते ते बघाच.

बाईंनी माझा फॉर्म उघडला. "कुठलं हॉस्पिटल?"

उत्तर द्यायच्या ऐवजी मी घाईघाईने साबणाकडे वळले. ब्रश न पिळताच वडीवर टेकवला, साबणावर पाणी सांडलं, वडी तरंगायला लागली. पुन्हा ताक.

तेवढ्यात खिडकीजवळची खाट कुरकुरली. शिमशोनकाका उठले, हळूहळू चालत आले आणि खुर्चीत बसले. टॉवेल स्वतःच गळ्याभोवती बांधला. स्वतःचा ब्रश, पिळलेला, माझ्या हातात दिला. मग चेहरा वर केला आणि डोळे मिटले.

मी केली त्यांची दाढी. कशी केली, आठवत नाही. फेस मात्र चढला होता.

"साबा, तुम्ही तर कुणाला हात लावू देत नाही म्हणे," मॅनेजरबाई म्हणाल्या. "हिला कसा दिलात?"

काकांनी डोळे उघडले. आणि माझ्याहून, आमच्या ह्यांच्याहून, क्लार्कहूनसुद्धा स्वच्छ हिब्रूत म्हणाले, "मी बाँबेला आजारी होतो तेव्हा ह्याच सिस्टर होत्या. फेस कसा काढायचा ते मला ह्यांनीच शिकवलं."

बाईंनी फॉर्मवर सही केली. रिव्का त्यांना दारापर्यंत सोडायला गेली.

मी तिथेच ब्रश घेऊन उभी होते. काकांनी टॉवेलने कान पुसले आणि कित्येक महिन्यांनी मराठीत बोलले, "बाय, ब्रश धुऊन उलटा टांग. नाय तर केस कुजतात."