तात्या, सुमीला घर सोडावं लागलं

आज तात्यांचं वर्षश्राद्ध, आणि मला त्यांचा भयंकर राग आलाय.

गेलेल्या माणसावर रागवू नये म्हणतात. मी रागावणार. माझं अर्धं लहानपण त्यांच्या पडवीत जेवण्यात गेलंय, तेवढा हक्क आहे मला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. तात्या आमचे शेजारी. रसायनीच्या एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये त्यांनी उभा जन्म काढला. पगारातून गावात जागा घेतली, दोन खोल्या आणि पुढे पडवी बांधली. तेवढीच त्यांची इस्टेट.

मूलबाळ नव्हतं. काकूची बहीण बाळंतपणात गेली, तेव्हा तिची तान्ही पोर काकूने घरी आणली.

ती सुमी.

दत्तकविधान, कोर्टकचेरी, काही नाही. "घरच्याच पोरीला कसलं दत्तक घ्यायचं गं?" काकू म्हणायची.

काकू गेली. मग तात्यांना अर्धांगवायू झाला. सुमीने लग्नाचा विषयच बंद केला. उठवणं, बसवणं, आंघोळ, औषधं, सगळं तिने एकटीने केलं. पडवीत शिलाई मशीन टाकलं आणि ब्लाउज शिवून घर चालवलं.

भांडायचीही खूप. "तात्या, पेज संपवा, नायतर मी बोलणार नाय." कंपनीत मॅनेजरचंही न ऐकणारा माणूस मुकाट पेज संपवायचा.

मी एकदा विषय काढला होता. "तात्या, मृत्युपत्र करून ठेवा. घर सुमीच्या नावे लिहा."

हसले. तोंड वाकडं झालं होतं, तरी हसणं तेच.

"माज्यापाशी हाय काय गं? दोन खोल्या नि पडवी. मृत्युपत्र त्या फार्महाऊसवाल्यांनी करायचं. आपल्याला शोभतं का ते?"

"पण उद्या काही झालं तर?"

"सुमी माजीच हाय. सगळ्या गावाला ठावं हाय."

गावाला ठाऊक होतंच. गाव आजही नाही म्हणत नाही. पण गावाला ठाऊक असून घर कुणाच्या नावावर होत नाही, हे आम्हाला फार उशिरा कळलं.

दहाव्याला नदीवर पिंड ठेवला. कावळे समोरच्या झाडावर बसलेले, पण एकही खाली येईना. ऊन चढलं. ज्याला जे सुचेल ते तो कबूल करत होता. कावळा काही शिवेना.

सगळ्यांना माहीत होतं तात्यांचा जीव कशात अडकलाय.

शेवटी तात्यांचे धाकटे भाऊ पुढे झाले. नेरळला राहतात ते. हात जोडून सगळ्यांसमोर म्हणाले, "दादा, सुमीला घराबाहेर काढणार नाय. माजा शब्द हाय. आता घास घे."

आणि कावळा शिवला.

आम्ही सगळे रडलो. मी सुमीला जवळ घेऊन म्हटलं, "सुटलीस गं काळजीतून." कावळ्यापुढे दिलेला शब्द म्हणजे रजिस्टर झालेला शब्द, असंच वाटतं ना आपल्याला.

कायद्याने वारस तो भाऊच. 'मानलेली मुलगी' हे आपण किती मायेने म्हणतो. कायद्याच्या लेखी ती कुणीच नाही.

पावसाळा संपला आणि गिऱ्हाईक आलं. शेजारी बंगल्यांची स्कीम होतेय, त्यांना रस्त्यासाठी नेमकी हीच जागा हवी होती. सुमी काकांच्या पाया पडली.

"काका, तुमी शब्द दिला होता."

ते खाली बघत म्हणाले, "मी तुला कुठं काढतोय गं? मी घर विकतोय."

वाईट माणूस नाहीत हो ते. तात्यांच्या आजारपणात रात्र-रात्र बसलेत. पण मुलं मागे लागली, भाव चांगला आला, आणि मन फिरलं. चांगल्या माणसांचंही फिरतं.

वकील म्हणाले, तात्यांनी साध्या कागदावर लिहून, दोन साक्षीदारांसमोर नुसता अंगठा उठवला असता, तरी आज घर सुमीचं असतं. दोन साक्षीदार. अहो, एक तर मी भिंतीपलीकडेच होते.

बंगलेवाल्याचं काय, एक घर गेलं तर त्याला दुसरं असतं. दोन खोल्यावाल्याचं माणूस थेट रस्त्यावर येतं. म्हणून कागद त्याने आधी करायचा. तुमच्याही घरी कुणी तात्या असतील तर त्यांना हे वाचून दाखवा. चिडले तर चिडू देत.

सुमी आता मोहोपाड्याला भाड्याच्या खोलीत राहते. मशीन आणि कॉट ठेवली की दार पुरतं उघडत नाही. घर पाडलं त्या दिवशी ती आली नाही. बरं झालं नाही आली ते.

आज सकाळी मात्र आली. नाक्यावर फ्लेक्स लागलाय, तात्यांचा हसरा फोटो, प्रथम पुण्यस्मरण. खाली 'शोकाकुल' म्हणून भाऊ, भावजय, पुतणे, सुना, अगदी पाळण्यातली नातवंडंसुद्धा.

सुमीने वरपासून खालपर्यंत वाचलं. परत एकदा वाचलं.

मग मला म्हणाली, "फोटो चांगला लावलाय गं तात्यांचा."

म्हणून इथे लिहितेय.

तात्या, राग राहील. पण तुमच्याशिवाय गल्ली ओकीबोकी झालीय, तेही खरंच आहे. तुम्हाला मनापासून श्रद्धांजली. आणि फ्लेक्सवर राहून गेलेलं सुमीचं नाव मी इथे लिहिते.

शोकाकुल,
सुमन.
तात्यांची मुलगी.