विहिरीतली काळी भिंत

एप्रिल १९७८ मध्ये विहिरीचा सौदा अठराशे रुपयांना ठरला. हजर आम्ही तिघे: मी, माझी बायको आणि विहिरी खोदणाऱ्या टोळीचा मुकादम. पाणी लागले तर पूर्ण रक्कम, नाही तर निम्मी. अट माझी होती.

शहापूरपासून आत, धानाच्या बांधीजवळ, म्हणजे बांध घातलेल्या भातशेताजवळ, आम्ही दोन खोल्या बांधल्या होत्या. आम्ही मोठ्या भावाचे घर सोडले तेव्हा तो सगळ्यांसमोर म्हणाला होता, "जा. पाण्यावाचून वापस येशीलच."  बोडीवरून, म्हणजे पलीकडच्या लहान तळ्यावरून, रोज पाण्याचा गुंड डोक्यावर आणताना बायको ते शब्द विसरली नव्हती. पाणी न लागते तर आम्हाला त्याच दारात उभे राहावे लागले असते.

मुरूम संपला आणि पांढुरका खडक लागला. तो सुरुंगाने फुटत गेला. पंचवीस फुटांवर पूर्वेच्या अंगाला काळा दगड उघडा पडला. वरून खाली सरळ उतरलेली भिंतच होती ती, कोणी पांढऱ्या खडकात मुद्दाम बांधल्यासारखी. तिला लागून पांढरा खडक भाजल्यासारखा तांबूस झाला होता.

टोळीची एक रीत होती. दिवसाच्या शेवटी वर येणारा माणूस दगडावर पहार आपटायचा आणि कान लावायचा; आत भेग असली तर आवाजावरून कळते. त्या दिवशी मुकादमाने काळी भिंत ठोकली, कान लावला आणि घाईने वर आला.

"मी ठोकलो, तर आतून कोणी ठोकलं."

"तुमचाच आवाज परतला असन," मी म्हणालो.

"माहा आवाज तवाच आला असता ना, भाऊ. यानं थांबून ठोकलं."

"मंग विचाराचं होतं त्याले, पाणी हाय का म्हणून," बायको म्हणाली.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी मी स्वतः उतरलो. ठोकले, थांबलो. आतून दबका आवाज आला. मग मी न ठोकताही आला. अशा गोष्टींवर माझा विश्वास नाही. म्हणूनच मला जास्त भीती वाटली. मुकादमाने भिंत सोडून पश्चिमेकडे खोदाई वळवली, तेव्हा मी हरकत घेतली नाही. पस्तीस फूट झाले. तळ कोरडाच.

तेव्हा बायकोचा धाकटा भाऊ आला. तो तुमसरकडे मॅंगनीजच्या खाणीत मोजणीच्या कामावर होता. भिंतीचा एक कोपरा सुरुंगाने खोल फुटला होता, तिथून त्याने दोन तुकडे आणले.

"पाहा भाऊजी. कडेच्या तुकड्यात दाणाच दिसत नाही. आतल्यात दिसते. पांढरा खडक आधीचा. त्याले भेग पडली आन् खालून वितळलेला दगड वर चढला. थंड खडकाले टेकला तिथं झटक्यात गोठला. आत हळूहळू निवला, म्हणून दाणा धरला. ताई, पाक सावकाश निवला तर खडे मोठे होतात ना, तसं."

म्हणजे आमच्या बांधीखालून कधीतरी तो रस वर यायला निघाला होता, आणि पोचण्याआधी उभ्याउभ्या थिजला होता.

"मंग ठोकते कोण?" बायकोने विचारले.

"ते मले नाही माहीत. पण या भिंतीतून पाणी झिरपत नाही. पलीकडं बोडी हाय. तिकडचं पाणी इनंच अडवलं असन. इथंच भोक पाडा."

"मी त्याच्या घराले हात नाही लावत," मुकादम म्हणाला.

बायकोने पदर खोचला. "तर मी उतरते. मले त्या घरी वापस नाही जाचं."

ती दोर धरून उतरली. मग मुकादमालाही वर थांबवेना. तोही खाली उतरला आणि त्याने भिंतीला पहार लावली. सुरुंगासाठी पाडतात तसे भोक हळूहळू आत गेले. हातभर खोलीवर पहार एकाएकी आत घुसली. आधी हवा आली, गार, लांबलचक, कोणी दाबून धरलेला श्वास सोडावा तशी. ती मला काठावर ऐकू आली. त्यामागून पाणी आले. आधी काळे, मग नितळ.

वर येण्याआधी मुकादमाने पुन्हा भिंत ठोकली. कान लावून बराच वेळ थांबला.

"गेलं," एवढेच म्हणाला.

मी त्याला अठराशे पूर्ण दिले. त्याने मोजले आणि त्यातला एक रुपया बायकोच्या हातावर ठेवला. काठावर वाकून तिने तो भिंतीलगत पाण्यात सोडला. मुकादमाला सतराशे नव्याण्णव मिळाले. एक रुपया भिंतीच्या आत जो होता त्याला.