वानखडेबाईंनी सगळ्या संस्थेला कुलूप घातलं तो दिवस

राजनंदिनी वानखडे लग्न होऊन अकोल्याहून पुण्यात आल्या आणि शनिवार पेठेतल्या एका शिक्षणसंस्थेत टायपिस्ट म्हणून लागल्या. टाइपरायटर भंगारात गेला, बाई राहिल्या. पुढे संस्थेच्या शाळा आणि कॉलेज यांतल्या सगळ्यांची लॉगिनं क्लाउडवर गेली. कोणाला आत घ्यायचं, कोणाला काय उघडू द्यायचं, हे सांभाळायला कोणी पुढे येईना, तेव्हा ते काम बाईंच्या टेबलावर आलं.

पहिल्या जूनमध्ये नव्या विद्यार्थ्यांची खाती उघडताना तीच तीच बटणं दाबून त्यांचं मनगट सुजलं. मग त्यांना कळलं, की हेच काम संगणकाच्या पडद्यावर उघडणाऱ्या एका काळ्या खिडकीत कमांड लिहूनही होतं. एक ओळ लिहायची, एंटर मारायचं, की अख्खी अकरावी आत! टायपिंगचा हात होताच. बाई त्या काळ्या खिडकीच्या प्रेमातच पडल्या. "बटणं शोधावी लागतात," त्या म्हणायच्या, "इथे सरळ सांगायचं, की ती ऐकते."

ती जरा जास्तच ऐकते, हे त्यांना गेल्या हिवाळ्यात कळलं.

कोणीही नोंद नसलेल्या, अनोळखी फोनवरून किंवा संगणकावरून संस्थेच्या खात्यात शिरू नये, असा नवा नियम लावायचा होता. आधी कार्यालयातल्या चारदोन जणांवर तो तपासून पाहायचा, असं ठरलं होतं. बाईंनी जुनी कमांड उचलली, नियम बदलला, पण 'कोणाला लागू' या जागी आधीचं 'सर्व' तसंच राहिलं. त्यांनी एंटर मारलं, खिडकी बंद केली आणि डबा उघडला.

पहिला घास तोंडात असतानाच कॉलेजातून फोन आला. मग शाळेतून. मग संस्थेच्या सचिव ऋचा सहस्रबुद्धे स्वतःच दारात येऊन उभ्या राहिल्या.

"वानखडेबाई, मला माझीच मेल उघडता येत नाहीये. मी अनोळखी आहे म्हणे!"

बाईंनी घाईघाईने काळी खिडकी उघडली. पडद्यावर उत्तर आलं, की हा संगणक नोंदलेला नाही, प्रवेश नाही. कोणाचीच यंत्रं अजून नोंदलेली नव्हती. त्यांचं स्वतःचंही नव्हतं.

"अरे बापा," बाईंच्या तोंडून निघालं. "मॅडम, मीच चुकली. सगळ्यांना बाहेर काढलं, आणि मीही बाहेरच."

"दुपारी मुलांची प्रकल्प-सादरीकरणं आहेत," सचिव म्हणाल्या. "दुसरी वाट आहे ना?"

वाट होती. अशाच वेळेसाठी एक राखीव खातं होतं, ज्याला कुठलाच नियम लागत नसे. त्याचा पासवर्ड कार्यालयाच्या तिजोरीत होता. पण नुसत्या पासवर्डने भागत नव्हतं. संगणकाला जोडायची एक छोटी किल्लीही लागायची, आणि ती निवृत्त अधीक्षक गानू सरांकडे होती. 'दोन्ही गोष्टी एका छपराखाली नकोत' हा त्यांचाच आग्रह. किल्लीचा पिनही त्यांनाच ठाऊक.

बाईंनी गानूंच्या घरी फोन लावला. त्यांच्या पत्नी कुसुमताईंनी उचलला.

"ते मंडईत गेलेत."

"मोबाइल?"

"हा काय, इथेच पडलाय. भाजी घेताना फोनचा उपयोग नसतो, म्हणतात."

"आणि ती छोटी किल्ली?"

"घराच्या किल्ल्यांच्या जुडग्यात. जुडगा त्यांच्या खिशात."

बाईंनी स्कूटर काढली. मंडईत गर्दी होती. मटारवाल्या सरुबाईंना त्यांनी विचारलं, "उंच, चष्म्याचे, एकेक शेंग हातात घेऊन बघणारे काका दिसले का?"

"त्यांना कोण नाही ओळखत!" सरुबाईंनी मान वळवून दाखवलं. "त्या तिथं. वांग्याला नापास करतायत."

गानू सर खरोखरच वांगं उजेडाकडे धरून उभे होते. धापा टाकत बाईंनी सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, कमांडमधलं 'सर्व'सुद्धा.

गानूंनी वांगं खाली ठेवलं. "म्हणजे सगळ्या संस्थेला बाहेर काढून, स्वतःही बाहेर राहून, आतून कडी घातलीत?"

"हो, सर."

"कडी पक्की बसली हे तरी कळलं. चला. पण मेथी घेऊ द्या. मेथीशिवाय घरी मला प्रवेश नाही."

मेथीच्या जुड्या पायाशी ठेवून, गानू मागे बसून, स्कूटर शनिवार पेठेत आली. सचिवांनी तिजोरीतून पासवर्ड काढला, गानूंनी किल्ली जोडून पिन टाकला, आणि काळी खिडकी उघडली. नियम बंद करायची ओळ त्यांनी लिहिली, मोठ्याने वाचली, गानूंना दाखवली, सचिवांना दाखवली, आणि मगच एंटर मारलं.

थोड्या वेळाने वरच्या मजल्यावरून मुलांचा आरडाओरडा ऐकू आला. कोणीतरी आपल्या खात्यात शिरलं होतं.

"बऱ्याच दिवसांनी ऑफिसात काम केलं," गानू म्हणाले, आणि खुर्चीतून उठायची त्यांची काही घाई दिसेना. बाईंनी चहा सांगितला.

पुढच्या बैठकीत बाई आपणहून उभ्या राहिल्या आणि चूक कशी झाली ते सांगितलं. यापुढे कुठलाही नियम आधी नुसता पाहणीपुरता लावायचा, कोण कोण अडकेल ते बघायचं, आणि कमांड दुसऱ्या कोणी वाचल्याशिवाय चालवायची नाही, असं त्यांनीच सुचवलं. सचिवांनी विचारलं, "पण वाचणार कोण? काळी खिडकी तुमच्याशिवाय कोणाला कळते?"

म्हणून आता दर शनिवारी बाईंचा वर्ग भरतो. शाळेच्या दोन शिक्षिका येतात, आणि गानू सर येतात. सर अजून स्पेलिंग चुकतात, आणि दर वेळी चूक संगणकाचीच असते. परवा मात्र सलोनी नावाच्या शिक्षिकेने बाईंनी लिहिलेली ओळ एंटरच्या आधी थांबवली आणि विचारलं, "बाई, इथे शाळेचं नाव लिहायचं राहिलंय का?"

राहिलं होतं. वानखडेबाईंनी ओळ पुन्हा वाचली, खूश होऊन टेबलावर थाप मारली, आणि सगळ्यांसाठी भजी मागवली.