कुमारिकेचं मागणं

माझ्या लेकीला दिल्लीत नोकरी लागल्यापासून एक खोड लागली आहे. तिच्या ऑफिसात कुणाचं मन थाऱ्यावर नसलं की ती त्या माणसाला शनिवार-रविवार आमच्याकडे झाशीला पाठवून देते. आमचं घर म्हणजे जणू हवापालटाचं ठिकाण. लक्ष्मी गेटजवळच्या आमच्या गल्लीत उजाडल्यापासून पाण्याचे पंप आणि स्कूटरचे हॉर्न कोकलत असतात, पण हे तिला कोण सांगणार!

या खेपेला तिनं पाठवली एक पोलंडची बाई, आणि सोबत तिची सहा-सात वर्षांची मुलगी. लेक फोनवर म्हणाली, "आई, तिला सोमवारी उत्तर द्यायचंय. कंपनी तिला बढती देऊन आणखी दोन वर्षं दिल्लीत ठेवतेय. नवरा तिकडेच आहे, त्याला येता येत नाही. ही पोर आधीच कितीतरी दिवस बापाला फोनवरच बघतेय. तू काही विचारू नकोस हं. नुसतं नीट जेवायला घाल." मी विचारणारी बाई आहे हे लेकीला पक्कं ठाऊक आहे.

नेमकं त्याच रविवारी आमच्याकडे बोडण होतं, लग्नकार्यानंतरचा देवीचा कुळाचार. मुलाचं लग्न हिवाळ्यात झालं आणि त्याचं बोडण राहून गेलं होतं. सासूबाई रोज चहाच्या वेळी त्याची आठवण करून देत होत्या. बोडणाला चार सवाष्णी लागतात आणि एक लहान कुमारिका. साताऱ्याला माझ्या माहेरी हाक मारली असती तर गल्लीतून दहा जणी आल्या असत्या. झाशीत मराठी सवाष्ण शोधायची म्हणजे आधी कोणत्या पलटणीची कुठे बदली झालीय ते विचारावं लागतं. मी, नवी सून आणि चुलत जाऊ अशा तिघी घरच्याच होतो. चौथी जवळच्या बबीन्याच्या लष्करी छावणीतून येणार होती, एका सुभेदाराची बायको, आणि तिचीच मुलगी कुमारिका.

शनिवारी मी पाहुण्यांना किल्ला दाखवला, मग बडा बाजारात नेलं. बाई सगळीकडे नम्रपणे बघत होती, पण तिला काही दिसत नव्हतं. मुलीचं उलटं. दिल्लीच्या शाळेत ती फर्डं हिंदी शिकली होती. बांगडीवाल्याला म्हणाली, "भैया, ठीक-ठीक लगाओ ना," आणि अख्खं दुकान हसलं. आईला मात्र भाजी आणि रिक्षापुरतंच हिंदी येत होतं, माझ्याशी ती इंग्रजीत बोलायची.

किल्ल्याच्या तटावर तिनं मला विचारलं, "तुम्ही मूळच्या इथल्या नाही ना? सवय झाली?" "झाली," मी म्हणाले. मग वाटलं, एवढ्या लांबून आलेल्या बाईशी खोटं कशाला बोलायचं. तिला सांगितलं की अजूनही दक्षिणेकडे जाणारी गाडी सुटताना पाहिली की ती दिसेनाशी होईपर्यंत मी फलाटावरून हलत नाही. ती तोंड फिरवून खालच्या गच्च्यांकडे बघायला लागली. मला वाटलं, झालं, विचारू नकोस म्हटलं होतं, तर मी सांगूनच बसले.

संध्याकाळी बबीन्याहून फोन आला. मुलीला कांजिण्या आल्या होत्या, म्हणजे एका फटक्यात सवाष्णही गेली आणि कुमारिकाही. मी म्हटलं, पुढच्या महिन्यात करू. सासूबाई मटार सोलत होत्या. मानही वर न करता त्या आपल्या हिंदीमिश्रित झाशीच्या मराठीत म्हणाल्या,

"पुढच्या महिन्यात काय नवीन सवाष्णी उगवणारेत? ही बाई आहे ना. आदमी आहे ना हिचा?"

"आहे. पण आई, ती पोलंडची आहे."

"मग? नवरा जित्ता आहे तर सवाष्णच झाली. और ही बिन्नू कुमारिका." बिन्नू म्हणजे इकडच्या बोलीत लाडाची पोर. शेवटी हळू म्हणाल्या, "देवी काय पासपोर्ट देखती है?"

बाईला विचारलं तर ती लगेच तयार झाली. तिच्या डोक्यात चाललेल्या गोष्टीपेक्षा पुरणात हात घालणं सोपंच वाटलं असणार.

रविवारी सकाळी पुरुषांना घराबाहेर पिटाळलं, कारण बोडण त्यांनी बघायचं नसतं. देवघराच्या खोलीत परात मांडली, मधे देवी ठेवली. सुनेची साडी नेसून बाई माझ्या शेजारी बसली. मुलीला पाटावर बसवून कुंकू लावलं, गजरा माळला. सासूबाई मात्र उंबऱ्याबाहेर. सासरे गेल्यापासून त्या अशा कार्याला आत येत नाहीत. मी कितीदा भांडले असेन त्यांच्याशी यावरून, पण ऐकतील तर शपथ. तिथूनच त्यांचे हुकूम चालू होते.

पुरण, दही, तूप घालून आम्ही चौघींनी उजव्या हातांनी कालवायला सुरुवात केली. बोडणाचा नियम असा की कुमारिका म्हणजे त्या वेळी साक्षात देवी. तिला काय हवं ते विचारायचं, ती मागेल ते परातीत घालायचं, आणि ती पुरे म्हणेपर्यंत हात काढायचे नाहीत. एरवीच्या मुली दूध, साखर मागतात आणि कंटाळल्या की पुरे म्हणतात.

"देवी, क्या चाहिए?" सासूबाईंनी बाहेरून विचारलं.

"दूध," पोर म्हणाली. सुनेनं दूध घातलं.

"और?"

"शहद." मध घातला. पोरीला मजा वाटायला लागली होती. आईही हसली, आल्यापासून पहिल्यांदा.

"और क्या चाहिए, बिन्नू?"

पोर परातीकडे बघत म्हणाली, "घर जाना है. पापा के पास."

एवढं हिंदी तिच्या आईला येत होतं. परातीतला तिचा हात जागच्या जागी थांबला. माझ्यानं ते सहन होईना, म्हणून मी डाव्या हातानं दुधाची वाटी उचलली आणि म्हणाले, "दूध घालूया अजून थोडं."

"ठेव ती वाटी," सासूबाई म्हणाल्या. "दूध नाही मागितलं तिनं."

बाईच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. उजवा हात मनगटापर्यंत पुरणात, डाव्या हाताला पुसायचं सुचेना, ती तशीच बसून राहिली. मला तिची इतकी दया आली की बोडण जाऊ दे चुलीत असं वाटलं. तेवढ्यात सासूबाई उंबरा ओलांडून आत आल्या. त्यांनी आपल्या पदरानं तिचं तोंड पुसलं आणि तिथेच, तिच्या मागे, भिंतीला टेकून बसल्या.

मग बाई मुलीशी आपल्या भाषेत काहीतरी बोलली. छोटंसंच वाक्य होतं. मला ते कळलं नाही आणि पुढे कधी विचारलंही नाही. पोरीनं ते ऐकलं आणि आईच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. मोठी माणसं वेळ मारून नेतात हे तिला ठाऊक असावं. बराच वेळ पाहून झाल्यावर ती सासूबाईंकडे वळली.

"बस," ती म्हणाली. "अब और कुछ नहीं चाहिए."

आम्ही चौघींनी परातीतून हात काढले.