हौदाची चव घेणारा मायाप्पा

सोलापूरहून अक्कलकोटकडे जाताना शहर संपतं, तिथं लोकरीचे व्यापारी सिद्धाप्पा शेठ यांनी मेंढरं धुवायचा हौद बांधला आणि त्यावर मायाप्पा धनगराला नेमलं. विलायती पिवळी पूड पाण्यात कालवायची, त्यातच उभं राहून कातरलेलं मेंढरू बुडवायचं आणि पलीकडून बाहेर काढायचं. गोचीड मरायची, खरूज जायची, शेठची लोकर सुधारायची. मायाप्पाचं काय व्हायचं, हा प्रश्न बारा वर्षं कुणाला पडला नाही. मायाप्पालाही नाही.

पुडीच्या पाकिटावर एक कवटी आणि दोन हाडं छापलेली होती. खाली इंग्रजीत दोन बोटं मजकूर होता, तो वस्तीत कुणाला वाचता येत नव्हता. चित्राचा अर्थ मायाप्पानं स्वतःच लावला होता. "मेलेली गोचीड हाय ती. साहेबाला चित्र काय नीट काढाय येत न्हाय."

पूड दिसायला हुबेहूब भंडाऱ्यासारखी. पिवळी पूड समोर आली की धनगराचा हात आपोआप कपाळाकडे जातो. मायाप्पाही हंगामाचं पहिलं पाकीट फोडताना बिरोबाचं नाव घेई, बोट पुडीत टेकवून कपाळाला लावी आणि राहिलेला कण जिभेवर ठेवी. हौद कालवून झाला की पुन्हा एक बोट पाण्यात आणि पुन्हा जिभेवर. शेठनं मापाचं भांडं दिलं होतं, त्यात अंबुबाई, म्हणजे त्याची बायको, ताक घुसळी. "माप कशाला? जीभ चुरचुरली की औषद झालं," असं मायाप्पाचं शास्त्र. "मी चाखत न्हाय, ते माज्या मेंढरास्नी देत न्हाय!" लोक मान डोलवत. एवढी माया आपल्यावर कुणी केली नाही, याचं अनेकांना वाईटही वाटे.

दर हंगामाचा पहिला आठवडा तो उलट्या-जुलाबांनी हैराण असे. त्याला तो 'पित्त' म्हणे. पुढं तळहातांवर बाजरीच्या दाण्याएवढे कठीण फोड उठले, तळपायांवरही उठले, आणि हात असे खरखरीत झाले की मेंढराच्या पाठीवरून फिरवले तर निम्मी लोकर हातात यावी. मायाप्पा ते कौतुकानं दाखवी. मग छाती-पाठीवर काळे डाग आले आणि त्यांच्या मधेमधे पांढरे ठिपके उमटले, जणू अंगावर कुणी चुना शिंपडलाय. पायांना रात्रंदिवस मुंग्या. नखांवर आडव्या पांढऱ्या रेघा.

इथवर सगळं ठीक होतं. चुलतभाऊ गुंडानं ते पांढरे ठिपके पाहिले आणि ठीक राहिलं नाही.

"महारोग हाय हो ह्यो!" त्यानं वस्तीभर बोंब ठोकली.

पंचांचे म्होरके मल्लप्पा. त्यांनी लांबूनच निकाल दिला : मायाप्पानं वस्तीबाहेर, ओढ्यापलीकडं पाल टाकावं. बायको-पोरांत राहू नये, पंगतीत बसू नये. बारा वर्षं माणूस झिजत होता तेव्हा कुणाला चार दिवसांची सवड नव्हती. त्याला हाकलायला मात्र सगळे दुपारचं काम टाकून आले होते.

अंबुबाईनं नवऱ्याला उठवलं आणि सोलापुरातल्या डॉक्टरकडं नेलं. तळपायांना फडकी बांधून मायाप्पा सात रस्ता चौकातल्या दवाखान्यापर्यंत रडत-लंगडत गेला. पाय दुखत होते म्हणून नव्हे, ओढ्यापलीकडं एकट्यानं मरायच्या भीतीनं.

डॉक्टरांनी पाठीवरच्या एका पांढऱ्या ठिपक्यावर टाचणी टोचली.

"आई गं!"

दुसऱ्यावर टोचली.

"आवो, जीव घेता का काय डागतर!"

"ओरड, ओरड," डॉक्टर खूश होऊन म्हणाले. "महारोगाच्या डागाला टोचलेलं कळत नाही. काम काय करतोस?"

मायाप्पा अभिमानानं सांगायला लागला. चाखण्यापर्यंत आला तेव्हा डॉक्टरांनी टाचणी खाली ठेवली.

"अरे, त्या पुडीत सोमल असतो! उंदराला घालतात तो. तू बारा वर्षं तो खातोयस, वर त्यात उभा राहतोयस. आता हौदाचं तोंड पाहू नकोस. मुंग्या कमी होतील कदाचित. डाग आणि हातापायाचे फोड बहुतेक जायचे नाहीत. त्यातला एखादा चिघळला तर लगेच ये, तो पुढं फार वाईट होऊ शकतो."

"म्हंजी महारोग न्हाय?"

"नाही. विष आहे."

"नुसतं विषच!" मायाप्पाला इतका आनंद झाला की तो डॉक्टरांच्या पाया पडला. येताना तो लंगडला, पण रडला नाही.

मल्लप्पांपुढं अंबुबाईनं सगळं सांगितलं. मल्लप्पा विचारी माणूस. त्यांनी विचार केला.

"विष खाल्लं की मेंढरू घटकाभरात मरतंय. ह्यो बारा वर्सं खातोय आन् मरंना. म्हंजी ते विष न्हाय. विष न्हाय, तर मग ह्यो महारोगच की!"

"बरोबर हाय!" गुंडा म्हणाला.

मायाप्पाचा चेहरा उतरला. आपण वेळेवर मेलो नाही, याची त्याला पहिल्यांदाच लाज वाटली.

अंबुबाई हौदाकडं गेली. परत आली ती भरलेला तांब्या घेऊन. तो तिनं मल्लप्पांपुढं ठेवला.

"विष न्हाय म्हंता न्हवं, मामा? घ्या. घोटभर घ्या, तुमास्नी खरूज बी हाय. आन् गुंडाभावजी, तुमी बी घ्या की. लाजू नगासा."

मल्लप्पांनी तांब्याकडं पाहिलं. गुंडानं मल्लप्पांकडं पाहिलं. एका पंचाला एकाएकी बैल सोडायची आठवण झाली. तांब्याला कुणी हात लावला नाही.

"तसं बगाय गेलं," मल्लप्पा खाकरून म्हणाले, "डागतर शिकलेला माणूस. विषच आसंल."

ठरलं तर. महारोग नाही, पाल नाही, पंगतीत बसायचा हक्क शाबूत. पुढच्या जेवणाला मायाप्पा पंगतीत बसला, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक हात जागा मोकळी सोडून पंचमंडळी बसली. कुणी कुणाला तसं सांगितलं नव्हतं.

मायाप्पानं मांडी पसरली.

"लई ऐसपैस हाय की हितं," तो म्हणाला आणि भाकरी मोडू लागला.