एका वेळी एकच डबा

आखातात, हमरियातल्या आमच्या रंगाच्या कारखान्यात मशीन बसवायला आलेला तो टांझानियाचा गुजराती दोन मिनिटं स्वस्थ बसत नसे. माझ्या टेबलावर पावडरीचे दोन डबे उघडे दिसले, की धावत येऊन एकाचं झाकण लावायचा.

"बेन, एक टाइम पे एक ही डब्बा!"

"रंग आहे हा, बंदुकीची दारू नव्हे," एकदा मी चिडले.

"शिकारीच्या रायफलची काडतुसं मी घरीच भरतो. एकदा दोन डबे उघडे असताना मध्येच फोनला उठलो आणि परत येऊन चुकीच्या डब्यातली, पिस्तुलाची जहाल दारू भरली. रायफल फुटली. भावाचा डोळा गेला."

त्याची बोटं बंद झाकण पुन्हा पुन्हा आवळत होती.

"आता तो परत शिकारीला निघालाय. म्हणतो, काडतुसं तूच भर."

तेवढ्यात माझा फोन वाजला. हातातला डबा बंद होईपर्यंत मी तो वाजू दिला.