दामूची चाल

तार आली तेव्हा मी शहाद्याच्या मुलींच्या शाळेत तिसरीला शिवण शिकवत होते. तार इंग्रजीत होती. पोस्टातल्या माणसानेच ती वाचून दाखवली आणि वाचून झाल्यावरही तो दारातच उभा राहिला. मी सही केली, वर्गात परतले, एका मुलीचा चुकलेला टाका उसवून पुन्हा घालून दाखवला, आणि मग मात्र मला खुर्चीवर टेकवेना. शाळा सुटेपर्यंत मी बाकांमधून येरझारा घालत राहिले. मुलींना वाटलं, बाई रागावल्यात... त्याला आता सहा आठवडे झाले. माझा धाकटा भाऊ दामोदर, ज्याला आधी नाटकाच्या आणि नंतर बोलपटाच्या प्रेक्षकांनी डोक्यावर घेतलं, तो गेल्यावर त्याच्याविषयी या दिवसांत पुष्कळ छापून आलं. स्त्रीभूमिकेतली त्याची ती प्रसिद्ध चाल, पावलं टाकण्याची ती ढब, म्हणजे गुरूची देणगी होती, असं दोघातिघांनी लिहिलं. ते वाचल्यापासून माझं कशात लक्ष लागत नाही.

आम्ही सारंगखेड्याचे. वडील, म्हणजे नाना, तिथल्या शाळेत मास्तर होते, म्हणूनच मलाही अक्षरओळख झाली. दामू माझ्याहून दोन वर्षांनी लहान. जेवताना दोन घास खाऊन उठायचा, अंगणात फेरी मारून पुन्हा ताटावर बसायचा. गाणंही बसून म्हणायचा नाही, तापीच्या काठाने चालत चालत म्हणायचा आणि पार धक्क्यापर्यंत आवाज पोचवायचा. एका वर्षी घोड्यांच्या यात्रेत नाटक कंपनीने तंबू ठोकला. मालकाने दामूचं गाणं ऐकलं आणि तडक घरी येऊन नानांकडे मुलगा मागितला. नानांनी नाही म्हटलं. यात्रा उठली तेव्हा तेरा वर्षांचा दामू कंपनीच्या गाड्यांमागून चालू लागला. नानांनी त्याला दोंडाईच्याहून परत आणलं. आठ दिवसांनी तो पुन्हा गेला, तेव्हा ते आणायला गेले नाहीत. माय रडत होती आणि ते पाटीवर मुलांची बेरीज तपासत होते, एवढं मला आठवतं.

तीन वर्षांनी तो दिवाळीला आला. केस खांद्यापर्यंत वाढलेले, ते टोपीत कोंबलेले. मीही नुकतंच लग्न होऊन माहेरपणाला आले होते. कंपनीत त्याला पहिल्यांदाच नायिकेचं काम मिळणार होतं आणि तो धास्तावला होता. गळा होता, पण लुगडं नेसून चार पावलं टाकली की मालक ओरडायचा. चार दिवस दामू माझ्या मागे मागे राहून निरखत होता. मी नदीवरून घागर आणायचे तेव्हा मोकळा हात कसा हलतो, उंबऱ्याशी मी क्षणभर का थांबते, कोणाची वाट बघताना बांगड्या मनगटावरून वर सारून पुन्हा खाली कशा येऊ देते... मला स्वतःला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. चौथ्या दिवशी तो म्हणाला, "आक्का, तुन्ही चाल माले दी टाक." मला हसू आवरेना. "ली जाय," म्हणत मी ती देऊन टाकली. मला त्या वेळी सगळंच भरपूर वाटत होतं.

मानमोडीच्या तापाच्या साथीत माझे यजमान तीन दिवसांत गेले. बांगड्या गेल्या, रंगीत लुगडी गेली. नानांनी लोकांचं न ऐकता मला धुळ्याला शिक्षिकेच्या शिक्षणासाठी पाठवलं. तोवर दामूचं नाव सगळ्या मुलखात झालं होतं. कंपनी धुळ्याला आली, त्याने पास पाठवले, आणि वर्गातल्या बायकांच्या आग्रहाने मीही गेले. पडदा वर गेला. घागर घेऊन कोणी तरी आत आलं, उंबऱ्याशी थांबलं, बांगड्या वर सारून त्याने सोडून दिल्या. ती मी होते. अठरा वर्षांची, भरल्या हातांची मी तिथे उभी होते आणि लोक वन्समोअर मागत होते. मी पहिल्याच अंकात उठून बाहेर पडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आमच्या वसतिगृहाच्या ओसरीवर आला. तब्येत बिघडली का, म्हणून विचारू लागला. मी सरळ सांगितलं, "ते मन्हं शे, दामू. माले परत दे." तो ओसरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत राहिला, आणि निघून गेला. पुढे त्याचं पत्र आलं. त्या चालीशिवाय त्याने दोन प्रयोग करून पाहिले, पाय अडखळले, गाणंही बिघडलं, तिसऱ्या प्रयोगाला हात आपोआप मनगटाकडे गेला. शेवटी लिहिलं होतं, तू म्हणशील तर नाटक सोडतो. मी दोन वर्षं उत्तर दिलं नाही.

नंतर दिवाळीची पत्रं सुरू झाली, तेवढीच. मग बोलपट आले, बायकांची कामं बायकाच करू लागल्या, आणि चाळिशीकडे झुकलेल्या दामूला कोणी तरी सरदाराचं काम दिलं. दरबारात तो चालत आला आणि थिएटरात हशा पिकला. गळा पुरुषाचा, तलवार कमरेला, आणि चाल... त्या उन्हाळ्यात तो न कळवता माझ्याकडे शहाद्याला आला. नाना तेव्हा हयात नव्हते. त्याने हातपाय धुतले आणि विचारलं, "आक्का, नाना कसा चालेत, तुले याद शे का?" महिनाभर तो रोज पहाटे म्हसावदच्या रस्त्याला जायचा, शेताकडे निघालेल्या माणसांच्या मागून पावलं टाकायचा आणि घामाघूम होऊन परत यायचा. लोक थांबून बघायचे. त्याला ते साधलं नाही. पुढे त्याला आंधळ्या गवयाचं काम मिळालं, पहिल्यापासून शेवटपर्यंत एका जागी बसून गायचं. त्याच बोलपटाने त्याला दुसऱ्यांदा मोठं केलं. शहाद्यातल्या हॉटेलांत त्याच्या तबकड्या वाजायच्या आणि मी शाळेत जाताना वाट बदलायचे, कारण ऐकत उभं राहिलं की उशीर व्हायचा.

गेल्या हिवाळ्यात तो आला तो शेवटचा. डॉक्टरांनी चालायची मनाई केली होती, तरी खोलीत भिंतीला धरून फिरत होता. मी भाजी निवडत होते. तो एकाएकी म्हणाला, तुझं चोरून मी आयुष्यभर खाल्लं. मी म्हटलं, चोरलं कुठे, तू मागितलं होतंस. तो थांबला. "मी तुले इचारं व्हतं?" मी त्याला त्या दिवाळीचं सगळं सांगितलं, माझं उत्तरही सांगितलं. तो हळूच म्हणाला, "इतला वरीस काबरं नही सांगं, आक्का?"

मी निवडलेली भाजीच पुन्हा निवडू लागले. धुळ्याला त्या ओसरीवर मला ते आठवलं नव्हतं की आठवूनही मी गिळलं, हे सहा आठवडे मी स्वतःला विचारते आहे. आता आठवडी बाजाराच्या दिवशी सातपुड्यातून मोळ्या घेऊन बायका रांगेने उतरतात, मी दारात उभी राहते आणि एकेकीचे पाय बघते. ओझ्याखाली एकीची मान किंचित कलते, दुसरी पाऊल टाकण्याआधी अंगठ्याने जमीन चाचपते. सगळ्याजणी बाजारात शिरून दिसेनाशा होईपर्यंत मी तिथेच असते. दामू असता तर यांतल्या कोणाच्या मागून निघाला असता, ते मला आता बरोबर ओळखू येतं.